टाकीतला रक्तबीज

या खेपेला आलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडला आणि हसू आलं. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार: खाऱ्या पाण्याच्या टाकीत काहीतरी उगवलंय आणि ते डसतंय. तेव्हा हा महिना डसणाऱ्यांचा. गप्पी आणि गोल्डफिशवाल्यांनी रागावू नये, तुमच्या बुरशीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : बाई, माझी दीडशे लिटरची समुद्री टाकी आहे. दोन क्लाउनफिश, थोडे मशरूम कोरल (प्रवाळ) आणि एका ओळखीच्यांनी समुद्रावरून आणून दिलेला दगड. त्या दगडावर बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी फुलं उगवली. हात जवळ नेला की झटकन आत जातात. ब्लेडने खरवडून काढली, तर पंधरा दिवसांत सहाची तीस झाली. शेजारचं मशरूम आता उघडतच नाही. ही कुठली वनस्पती?
— एक वाचक, नाशिक

वनस्पती नाही हो, प्राणी आहे. एप्टेशिया. प्रवाळाचाच भाऊबंद, समुद्रफुलांच्या कुळातला. शाळेच्या पुस्तकात ‘शुंडके’ आणि ‘दंशपेशी’ हे शब्द पाठ केलेले आठवतात का? तीच शुंडके आणि त्याच दंशपेशी. प्रत्येक दंशपेशीत एक कुपी असते आणि कुपीत गुंडाळून ठेवलेला पोकळ धागा. स्पर्श झाला की कुपी फुटते आणि धागा भाल्यासारखा बाहेर येतो. हायड्राच्या बाबतीत हे मोजलं गेलंय: सर्वांत वेगवान टप्प्याला 700 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. मी एकतीस वर्षं मुलांना हायड्राची स्लाइड दाखवली, तेव्हा हा आकडा माहीत असता तर मागच्या बाकावरचे निदान दोघे तरी जागे राहिले असते. तुमचं मशरूम मिटून बसलंय ते या भाल्यांमुळे.

पण ब्लेड हातात घेण्याआधी ओळख पटवायला हवी होती, म्हणून ते आधी सांगते. एप्टेशियाचा देठ लांब, वर तुतारीसारखा पसरलेला, शुंडके बारीक आणि टोकाला निमुळती. शुंडके आखूड, जाडसर आणि टोकाला हिरवा-गुलाबी फुगीर मणी असेल, तर ते मजानो, दुसरं एक समुद्रफूल. तेही डसतं, पण दिसायला इतकं गोड की लोक ते पैसे देऊन आणतात. आणि कागदासारख्या नळीतून पिसांचा पंखा बाहेर येत असेल, तर तो पिसांचा किडा. तोही झटकन आत जातो, पण डसत नाही, पाणी गाळून खातो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. ‘एप्टेशिया मारले’ म्हणून मला पाठवलेल्या फोटोंत दर चार-पाचांत एकदा तरी या बिचाऱ्याचा बळी गेलेला असतो.

तुमचं वर्णन मात्र शंभर टक्के एप्टेशियाचं आहे. आणि तुम्ही केलंत तेच मीही केलं होतं.

2012 साली कुर्ल्याच्या बाजारातून मी मशरूम कोरलचा मुठीएवढा दगड आणला. कडेला एकच तपकिरी फूल होतं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. दिवाळीत दहा दिवस चिपळूणला बहिणीकडे गेले. माशांना खायला घालायचं काम शेजारच्या सातवीतल्या मुलावर सोपवलं होतं. मूल मायाळू. दिवसातून तीनदा, मूठ मूठ घालत होतं. परत आले तेव्हा मोजली: त्रेचाळीस. जुना टूथब्रश घेऊन बसले आणि दोन तासांत दगड लख्ख केला. तीन आठवड्यांनंतर मी मोजणं सोडून दिलं.

कारण असं की एप्टेशियाचा बुडखा दगडावरून सरकतो तेव्हा मागे स्वतःचे बारीक तुकडे सोडत जातो, आणि प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होतं. ही त्याची नेहमीचीच रीत. आपण ब्लेड चालवतो तेव्हा हेच काम त्याच्यासाठी घाऊक भावात करून देतो. देवीच्या कथेतला रक्तबीज आठवा, थेंब पडला की नवा राक्षस. शिवाय डिवचलं की अंगातून पांढरे धागे सोडतो. त्या धाग्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात, आणि तुमचा पंप ते सगळ्या टाकीत फिरवतो.

आता उपाय. तुमच्या गावात तो पानाच्या टपरीवर मिळतो. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि परदेशातले लोक ज्याला ‘काल्कवासर’ म्हणून डब्यातून विकत घेतात तेही हेच. साधा पांढरा घ्या, रंगीत किंवा सुगंधी नको. आरओच्या पाण्यात कालवून दाट ताकासारखा करा आणि पाच मिलीच्या सिरिंजमध्ये भरा. सुई बोथट हवी. टाकीतले सगळे पंप बंद करा. फूल पूर्ण उघडलेलं असताना तोंडावर, म्हणजे मधल्या फटीवर, न टोचता हळूहळू चुना सोडा. घाई केलीत तर ते आत जाईल आणि चुना वाया. हळू सोडलात तर अन्न समजून गिळतं. वीस मिनिटं थांबा, पांढरा लगदा नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू करा.

एका बैठकीत पाचाच्या वर जाऊ नका, दोन दिवसांचं अंतर ठेवा. चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो. मी पहिल्या दिवशी उत्साहात वीस-बावीस उडवली आणि संध्याकाळी क्लाउनफिश पृष्ठभागाशी धापा टाकत होता. डोळ्यांवर चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चुना जमत नसेल तर लिंबाचा रसही चालतो, फक्त त्याला देठात टोचावा लागतो आणि नेम चुकला की दोनाची चार. दुकानात तयार औषधंही मिळतात, रेड सी कंपनीचं एप्टेशिया-एक्स त्यातलंच. काम करतं, पण टपरीच्या मानाने भाव बघून मला घाम फुटला.

आणि हे सगळं करूनही खाणं कमी केलं नाहीत, तर पुढच्या गणपतीला पुन्हा मलाच पत्र लिहाल. एप्टेशियाच्या अंगात शेवाळं राहतात, ती उजेडावर साखर करून त्याला देतात. वरून आपल्या हातून सांडलेलं खाणं मिळालं की त्याला दुसरं काही लागत नाही. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच घाला.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला टोचली, आणि ती एप्टेशिया नव्हे. ‘समुद्रावरून आणून दिलेला दगड.’ आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत, समुद्रपंखेही आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. प्रवाळ मेलेलं आहे म्हणून सुटका होत नाही. पुढच्या वेळी कृत्रिम सिरॅमिकचा कोरडा दगड घ्या. त्यात एप्टेशिया नसतो, रात्री झोपही लागते.

प्रश्न : नमस्कार काकू. तुमचं मासिक आईकडून महिनाभर उशिरा पोचतं. माझी 75 गॅलनची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, आहे. एप्टेशियासाठी चार पेपरमिंट कोळंब्या आणल्या, दोन महिने झाले, एकही एप्टेशिया कमी नाही. उलट दोन झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद) गायब आहेत. आता कॉपरबँड बटरफ्लाय आणावा का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या कोळंब्या पेपरमिंटच आहेत का, हे आधी बघा. रात्री टॉर्च लावून पाठ न्याहाळा. पाठीवर उंटासारखा बाक, अंगावर लाल-पांढऱ्या ठसठशीत रेघा, डोळे मोठे असतील, तर ती उंट कोळंबी. ती कोरल खाते, एप्टेशियाकडे ढुंकून बघत नाही. खऱ्या पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर बारीक लाल उभ्या रेघा, बाक नाही. दुकानात दोन्ही एकाच टाकीत, एकाच नावाने विकलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तुमच्या गायब झोअँथिडवरून माझा संशय उंटावरच आहे.

खरी पेपरमिंट असेल तरी ती नोकरीवर ठेवलेली नाही. पोट भरलेलं असलं की मोठ्या एप्टेशियाच्या वाटेला जात नाही, लहान लहान टिपते. चार दिवस टाकीत खाणं हात आखडून घाला आणि मग बघा.

कॉपरबँड मात्र आणू नका. देखणा मासा आहे, लांब चोचीने फटीतलं टिपतो हे खरं. पण अनेक कॉपरबँड टाकीत आल्यावर काहीच खात नाहीत आणि उपाशी मरतात. जो जगतो त्याला तुमच्या टाकीपेक्षा मोठी जागा लागते, आणि एप्टेशिया खाईलच याची हमी नाही. मासा हे औषध नव्हे. एप्टेशिया खाणारा म्हणून एक फाइलफिशही विकतात. तो बहुतेक वेळा खातो, पण कधीकधी तोंडी लावायला कोरलही घेतो.

तुम्ही अमेरिकेत आहात, तर तुम्हाला एक गोष्ट मिळू शकते जी मला इथे मिळत नाही आणि जिचा मला हेवा वाटतो: बर्गिया. दोन-अडीच सेंटीमीटरची, पांढुरकी, पाठीवर केसाळ उंचवटे असलेली समुद्री गोगलगाय, शंखाशिवायची. ती आयुष्यभर एप्टेशिया सोडून काही खात नाही. आणि नुसती खाऊन थांबत नाही. त्याच्या न फुटलेल्या दंशकुप्या पचवायच्या टाळून पाठीवरच्या उंचवट्यांच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या बचावाला वापरते. शत्रूच्या घरातली शस्त्रं लुटून आपला किल्ला लढवायचा, हे आपल्याला निराळं सांगायला नको.

सहा ते दहा आणा, दिवे मालवल्यावर एप्टेशियांच्या घोळक्याजवळ सोडा आणि विसरून जा. पहिला महिना काहीच दिसणार नाही. दगडावर पांढऱ्या चकलीसारखी अंडी दिसली की समजा, जम बसला. दोन-तीन महिने लागतात. आधी कोळंब्या बाहेर काढा, नाहीतर महागडा खुराक होईल. रास (wrasse) जातीचे मासेही गोगलगायी टिपतात, तुमच्याकडे सहा रेघांचा रास असेल तर पैसे पाण्यात. एप्टेशिया संपले की बर्गिया उपाशी मरतात, म्हणून वेळेत काढून ज्याच्याकडे एप्टेशिया असतील त्याला द्या. असा माणूस शोधायला त्रास पडणार नाही.

प्रश्न : दगड हलवताना तर्जनीत काचेच्या लोकरीसारखी कुसळं शिरली, दोन दिवस बोट ठणकत होतं. रात्री पाहिलं तर दगडाखाली घोणीसारखे केसाळ किडे! टाकीत असे किती असतील या विचाराने झोप उडाली. सगळे कसे काढू?
— एक वाचक, डोंबिवली

काढू नका. दुखलं ते समजू शकते. कॉलेजच्या सहलीत रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला दगड उलटताना मलाही अशाच एका किड्याने प्रसाद दिला होता, आणि सर म्हणाले होते, ‘आता नाव विसरणार नाहीस.’ युरिथो. खरंच विसरले नाही.

कुसळं चुन्याची आणि ठिसूळ असतात, म्हणून चिमट्याने ओढलीत तर आत मोडतात. चिकटपट्टी लावून उलट्या दिशेने ओढायची, दोन-तीनदा, मग बोट व्हिनेगरमध्ये बुडवायचं. सूज वर चढायला लागली तर डॉक्टरकडे.

बाकी हे किडे तुमच्या टाकीतले झाडूवाले आहेत. मेलेला मासा, कुजलेलं खाणं, सगळं रातोरात साफ करतात. कोरल खाणारा फायरवर्म वेगळा: जाडजूड, लालसर कल्ल्यांचे झुपके आणि पांढरी कुसळं, आणि तो अटलांटिककडचा. साप समजून भुई धोपटू नका. फारच झाले असतील तर खाणं जास्त पडतंय, नाशिकच्या उत्तरातला शेवटचा उपाय वाचा. आणि दगडाला हातमोज्याशिवाय हात लावू नका, हे मी दर अंकात लिहिते.

प्रश्न : झोअँथिडने भरलेल्या दगडावर आठ-दहा एप्टेशिया आहेत. मित्र म्हणतो, दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात घाल, सगळं मरेल, नव्याने सुरुवात कर. करू का?
— एक वाचक, शारजा

नाही. हे उत्तर वाचण्याआधी पाणी गॅसवर ठेवलं असेल तर आधी गॅस बंद करा.

झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआंच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. समुद्रातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या ‘शेवाळा’ने भाल्याची टोकं विषारी करत, अशी तिथली जुनी कथा. ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होता. त्यातून हे विष 1971 साली वेगळं करण्यात आलं. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातले सगळे ते श्वासातून घेतात. 2018 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला टाकीतलं कोरल साफ करताना एक कुटुंब आजारी पडलं, आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे काही जवानही त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेले. याला उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार होतात. तोंडात धातूची चव, खोकला, ताप, छातीत जडपणा असं काही झालं तर खोली सोडा, रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्वतःहून सांगा. त्यांच्यापुढे असा रुग्ण क्वचितच येतो.

एप्टेशिया चुन्याने, पाण्याखालीच, एकेक करून मारा. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. घासणं नाही, ब्रश नाही, कापणं नाही. मित्राला हे पान दाखवा.

प्रश्न : घरी क्लाउनफिशची पिल्लं वाढवतो. पिल्लांच्या टाकीच्या काचेवर बुरशीसारखी बारीक जाळी आली आणि रोज पाच-सहा पिल्लं तळाशी मेलेली दिसतात. पाणी तपासलं, ठीक आहे.
— एक वाचक, मडगाव

बुरशी नाही, हायड्रॉइड, हेही डसणारे प्राणीच. भिंगातून पाहिलंत तर प्रत्येक तंतूच्या टोकाला इवलीशी शुंडके दिसतील. पावसाळ्यात जुहूला, गिरगावला आणि तुमच्या गोव्याच्या वाळूवरही येते त्या निळ्या बाटलीचं हे कुळ. ती जेलीफिश नसून अशाच इवल्या प्राण्यांची, म्हणजे पॉलिपांची, तरंगती वसाहत असते. मोठ्या माशाला या जाळीचं काही वाटत नाही, पण चार मिलिमीटरच्या पिल्लाला एक दंश पुरतो.

तुम्ही पिल्लांना घालता त्या आर्टेमियावर, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवर, हे पोसले जातात. इथे गोंजारत बसू नका. पिल्लं पेल्याने उचलून स्वच्छ टाकीत हलवा, जुनं पाणी शक्य तितकं कमी घ्या. जुनी टाकी, नळ्या, हवेचे दगड, सगळं ब्लीचने धुऊन दोन दिवस कडक उन्हात. आर्टेमिया बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊनच घाला. गुरांच्या जंताचं फेनबेंडाझोल यावर चालतं हे खरं, पण गोगलगायी आणि नळीतले किडेही त्यात जातात. कोरलच्या टाकीजवळ ते नकोच. आणि पिल्लांची टाकी व मोठी टाकी यांत एकच जाळी वापरत असाल, तर आजच दुसरी घ्या.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनात दंशपेशी खऱ्या दाखवायच्या आहेत. शाळेत हायड्राची जुनी स्लाइड आहे, पण तीत काहीच दिसत नाही. एप्टेशिया बाटलीत जगेल का? बाबा म्हणतात कीड घरात आणू नको.
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

बाबांना सांग, जगभरातल्या प्रयोगशाळा ही कीड मुद्दाम पाळतात. प्रवाळाच्या अंगात शेवाळं कशी राहतात, पाणी तापलं की ती का सोडून जातात, हे प्रवाळावर बघणं अवघड, कारण प्रवाळ नाजूक आणि सावकाश वाढणारं. एप्टेशिया चिवट आणि भराभर वाढणारा, शेवाळं तीच. नाशिकच्या काकांना ज्या गुणाने रडवलं, त्याच गुणामुळे शास्त्रज्ञ त्याच्यावर खूश आहेत.

लोणच्याची काचेची बरणी चालेल, पण लोणच्याचा वास पूर्ण जाईपर्यंत धू. टाकीचं समुद्री मीठ लागेल, स्वयंपाकघरातलं नाही. खिडकीजवळ ठेव, पण थेट उन्हात नको. आठवड्यातून एकदा दोन थेंब आर्टेमिया, दुसऱ्या दिवशी अर्धं पाणी बदल. प्रदर्शनाच्या दिवशी त्याला ड्रॉपरने हलकेच डिवच, पांढरा धागा सोडेल. तो धागा स्लाइडवर घे, वर थेंबभर पातळ ॲसिटिक ॲसिड आणि मिथिलिन ब्लू, आम्ही हायड्रासाठी करायचो तसंच. झाकणकाच ठेवून हलकंसं दाब आणि मोठ्या भिंगाखाली बघ. फुटलेल्या कुप्या आणि बाहेर पडलेले धागे दिसतील. हात धू, त्या हाताने डोळे चोळू नकोस.

काम झाल्यावर बरणी वाशिष्ठीत किंवा खाडीत रिकामी करायची नाही. त्यात मूठभर चुना ढवळ, रात्रभर ठेव, मग गटारात.

दिवाळीत मी बहिणीकडे येणार आहे. त्रेचाळिसांपैकी एकाचा वंश माझ्या ओट्यावर बरणीत अजून आहे, मी तो ठेवून दिला होता. झाकणाची बाटली घेऊन ये. आणि बाबांनाही आण, त्यांना काय विचारायचंय ते समोरच विचारू देत.